हवेशीर हेल्मेटची उसवण

सहा मे दोन हजार सात, रविवार, दिवेलागणीची वेळ. काम: सायकलचं हेल्मेट उसवणे.

हेल्मेट उसवतात हे मलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ब्लाउज उसवतात, उशीचा अभ्रा उसवतात. हेल्मेट विकत घेतात, डोक्यात घालतात आणि आपटलंच तर फुटतं, एवढीच माझी समजूत. पण मी जेवणाच्या टेबलापाशी बसून, एका हातात माझं नवंकोरं पांढरं हेल्मेट आणि दुसऱ्या हातात ब्लेड घेऊन एकेक टाका कापत होते. दुहेरी दोरा, वर मेण लावलेला. सासूबाईंचा हात! त्यांनी घातलेला टाका आपण होऊन सुटत नाही. आमच्या लेनमधली पोरं लग्नाला आली, पण त्यांच्या बाळपणीची दुपटी अजून शाबूत आहेत.

समोर माझा नवरा विलास वर्तमानपत्रामागे बसला होता. वर्तमानपत्र सकाळचंच होतं. तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता, कारण खाली घेतलं असतं तर मी दिसले असते.

"तिने प्रेमाने केलंय," वर्तमानपत्र म्हणालं.

"माहितेय," मी म्हणाले आणि पुढचा टाका कापला.

मी अंबडच्या एका कारखान्यात पर्चेसला होते. तीन ठिकाणचे नमुने मागवायचे, तपासायचे, मगच ऑर्डर द्यायची, हे माझं रोजचं काम. साधा नटबोल्टसुद्धा मी डोळे मिटून घेत नाही. (लग्न सोडलं तर एकच नमुना बघून मी आयुष्यात काही पसंत केलेलं नाही.)

सायकल मात्र फुकट आली होती. माझा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याची वाकड्या हँडलची, गिअरची सायकल आमच्या जिन्याखाली ठेवून गेला. आधी तिच्यावर ओली पायपुसणी वाळायची. एका सकाळी मी पायपुसणी काढली आणि सायकल चालवून बघितली. त्यानंतर रोज पहाटे गंगापूर धरणाच्या रस्त्याला जायला लागले. त्या तासाभरात मला कोणी हाक मारत नसे. गॅसवर दूध नाही, दारात कचरेवाली नाही, "अगं माधुरी" नाही. एवढंच सुख, पण पक्कं.

तिथेच खैरनार सरांचा ग्रुप भेटला. सर शाळेतून पीटीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण शिट्टी निवृत्त झाली नव्हती. दर महिन्याला एका रविवारी ते लांबची राइड काढत. पंधराएक पुरुष आणि मी. मागून एक टेम्पो यायचा. त्यात पाणी, कलिंगडं आणि दमलेली माणसं. टेम्पोत बसलेल्या माणसाकडे बाकीचे ज्या नजरेने बघत, ती नजर मी फक्त नापास मुलांच्या वाट्याला आलेली बघितली होती.

एप्रिलमध्ये सायखेड्याची राइड झाली. सरांचा नियम साधा होता: "हेल्मेट नाही, तर टेम्पो." मी विलासचं स्कूटरचं हेल्मेट घातलं. हेल्मेट कसलं, माठच तो! फरक इतकाच की माठात पाणी गार होतं आणि यात डोकं शिजतं. परतताना मला रस्त्यावर दोन खैरनार सर दिसायला लागले. (एकच पुरेसे असताना!) मग मला उचलून टेम्पोत घातलं आणि तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपमध्ये माझं नाव पडलं, 'टेम्पोवाल्या ताई'.

"मेमध्ये चांदवड," सर म्हणाले. "ताई, तुम्ही थेट टेम्पोतच या. कलिंगडं कापायला कोणीतरी लागतंच."

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन दात घासताना लक्षात आलं की दात अजून आवळलेलेच आहेत.

चांदवडला मी सायकलवर बसून जाणार होते. बस्स. त्यात कलिंगड कुठेही नव्हतं.

तर, हेल्मेट. मेन रोडवरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले.

"उन्हात चालवायला हवेशीर हेल्मेट दाखवा."

दुकानदाराने काउंटरवर एक काळा गोळा ठेवला. "हे घ्या ताई. दगड आहे दगड!"

"हवा कुठून येणार?"

"हवा कशाला? हेल्मेट आहे, पंखा नाही."

"भोकंवालं नाही का?"

"भोकं पडलेला माल आम्ही ठेवत नाही," तो दुखावून म्हणाला.

शेवटी तीन नमुने जमवले. एक त्याच्याकडचंच, मुलांच्या स्केटिंगचं, वर चार भोकं असलेलं. दुसरं पुण्याहून मागवलेलं, त्याला इतकी भोकं की मधमाश्यांचं पोळं वाटावं. तिसरं मुंबईच्या एका आयात करणाऱ्याकडचं, पांढरं, मोजकीच पण लांबट भोकं असलेलं. तिन्ही नमुने परत करण्याच्या बोलीवर आणले आणि तपासणीला घेतले.

पहिली तपासणी गच्चीवर. कुरडया घातल्याच होत्या, त्या भर दुपारी उलटायला मी हेल्मेट घालून गेले. एका दिवशी एक हेल्मेट. पांढरी साडी अंथरलेली, तिच्यावर कुरडया आणि मधोमध उकिडवी बसलेली मी, हनुवटीखाली पट्टा आवळून.

"वहिनी," शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "कावळे फार मातलेत का?"

तपासणीचा निष्कर्ष: स्केटिंगच्या हेल्मेटने तिसऱ्या रांगेलाच गरगरलं. पोळ्याने निराश केलं. त्याच्या आत इतक्या जाड गाद्या चिकटवल्या होत्या की निम्मी भोकं आतून बंदच! तेव्हा मला कळलं की भोकं किती हे महत्त्वाचं नाही. हवा कपाळावरून आत शिरली पाहिजे, टाळूवरून फिरली पाहिजे आणि मागून बाहेर पडली पाहिजे. घराला नुसत्या खिडक्या असून भागत नाही, समोरासमोर लागतात. तिसऱ्या हेल्मेटला आतून पुढून मागपर्यंत पन्हळी होत्या. ते डोक्याला घट्ट बसूनही टाळूपासून थोडं वर राहत होतं आणि रंग पांढरा, म्हणजे ऊन कमी पिणारा. पण माझ्या वाटण्यावर ऑर्डर देईन, तर मी पर्चेसवाली कसली?

म्हणून दुसरी तपासणी, टेबल फॅन आणि उदबत्तीची. हेल्मेट घालून बसायला विलासने नकार दिला. डोक्याच्या मापाचं दुसरं काही घरात नव्हतं, तेव्हा कलिंगड आणलं. कलिंगडाला हेल्मेट घातलं, समोर पंखा बारीक करून लावला आणि कपाळापाशी उदबत्ती धरली. तेवढ्यात लोडशेडिंग. वीज येईपर्यंत मी उदबत्ती हातात धरून कलिंगडासमोर बसून राहिले.

सासूबाई अंघोळ करून बाहेर आल्या. त्यांनी उदबत्ती बघितली आणि आधी हात जोडले. मग कलिंगडाकडे नीट बघितलं.

"ही कसली पूजा गं?"

"पूजा नाही, आई. तपासणी आहे."

सासूबाईंबद्दल एक सांगायला हवं. त्यांचं माहेर चांदवड आणि शत्रू वारा. संधिवात, पडसं, डोकेदुखी, शेजारणीच्या मुलाचं नापास होणं, सगळं वाऱ्याने होतं. मे महिन्यातसुद्धा त्या कानात कापूस घालून, वर रुमाल बांधून रिक्षात बसतात. "कानातून वारं शिरलं की थेट मेंदूला जातं," हे त्या डॉक्टरांनाही समजावून सांगत आणि डॉक्टर मान हलवत. (फी घ्यायची असते.)

वीज आली. पंखा फिरला. आणि काय सांगू, धुराची एक सुंदर रेघ कपाळावरच्या भोकातून आत शिरली, कलिंगडावरून सळसळत गेली आणि मागच्या भोकातून बाहेर पडली! मी आनंदाने ओरडलेच.

"विलास! आई! या, बघा! समोरून आत, मागून बाहेर! आहे की नाही?"

विलास आला, बघितलं, म्हणाला, "कलिंगड कधी कापायचं?"

सासूबाई मात्र वाकून बघत राहिल्या. "म्हणजे वारं असं सगळं डोक्यातून जाणार?"

"तेच तर! आरपार!"

"कानावरून?"

"कानावरून, टाळूवरून, सगळीकडून! एक जागा सुटत नाही."

"अगं बाई," त्या एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, प्रभावित झाल्या. वीस वर्षं त्या घरात राहून मी त्यांच्या "अगं बाई"चा अर्थ प्रभावित होणं असा लावला, यावरून माझी तपासणी कितपत खरी ते कळावं. दोन हेल्मेटं परत केली, पांढरं ठेवलं.

शनिवारी मी कामावर होते. संध्याकाळी आले तेव्हा हेल्मेट त्याच्या पिशवीत, पिशवी सायकलच्या हँडलला. सासूबाई अंगठ्याला तेल चोळत बसल्या होत्या.

"तुझी तयारी मी करून ठेवलीय," त्या म्हणाल्या. मला वाटलं, डबा.

रविवारी पहाटे आडगाव नाक्यावर सगळे जमले. सरांनी पहिली शिट्टी मारली. मी पिशवी उघडली, हात आत घातला आणि हाताला काहीतरी मऊ लागलं.

माझ्या हेल्मेटला आतून गोधडी लावली होती. साधीसुधी नाही, चांगली कापूस भरून, टाके घालून. एक तुकडा विलासच्या पायजम्याचा, एक माझ्या डोहाळजेवणाच्या साडीचा. प्रत्येक भोकातून दोरा ओवून ती हेल्मेटला पक्की शिवली होती. भोकं आतून बुजलीच, वर बाहेरून रंगीत कापडाचे फुगवटे दिसत होते, प्रत्येक खिडकीतून एकेक पाहुणा डोकावावा तसे. दोन्ही बाजूंना कान झाकायला फडकी आणि बांधायला नाड्या!

"ताई," सर म्हणाले, "हे हिवाळ्याचं मॉडेल का?"

मी टाका ओढून बघितला. नाही सुटला. दाताने प्रयत्न केला. दात हलला. कात्री कोणाकडे नव्हती. सरांनी दुसरी शिट्टी मारली. मागे टेम्पो सुरू झाला, ड्रायव्हर भास्करने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

मी गोधडी डोक्यावर घातली आणि सायकलवर बसले.

वास मला तेव्हाच यायला हवा होता, असं पुढे सगळ्यांनी सांगितलं. पण मे महिन्यात आमच्या घरात कांद्याचा वास येतो हे कोणाच्या लक्षातही येत नाही. चांदवडहून नानामामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, वर्षाचे कांदे पाठवतात. ते पलंगाखाली पसरलेले असतात. आणि आग्रा रोडला तर काय, साठवणीच्या चाळीत भरायला निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासून रांगेने.

ओझरपर्यंत नुसतं डोकं तापलं. ओझर सुटलं आणि घाम सुटला. पिंपळगाव यायच्या आत कपाळावरून काहीतरी ओघळून डोळ्यांत उतरलं आणि डोळ्यांची अशी आग झाली की मी जवळजवळ दुभाजकावर चढले. समोर कांद्याने भरलेली ट्रॉली चालली होती. म्हटलं, हिचाच प्रताप. जोर लावला, ट्रॉली मागे टाकली. आग तशीच! पुढे दुसरी ट्रॉली. तीही मागे टाकली. मग तिसरी. मी कांद्यापासून पळत होते आणि कांदा माझ्या कपाळावर बसून माझ्याबरोबर येत होता, हे मला ठाऊक नव्हतं. पण त्या नादात मी ग्रुपमधले एकेक पुरुषही मागे टाकले. नाक वाहतंय, डोळ्यांतून धारा लागल्यात आणि सायकल सुसाट!

खैरनार सर धापा टाकत बरोबरीला आले.

"ताई, वेग उत्तम... अहो, रडताय?"

"नाही सर." (नाक ओढलं.)

"घरी काही झालंय का?"

"कांदा, सर! कांदा!" मी बोटाने दाखवलं.

सरांनी बोटाच्या दिशेने बघितलं. रस्ता लांबवर मोकळा होता. सगळे ट्रॅक्टर मीच मागे टाकले होते.

"असं करू नये ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "मन मोकळं करावं."

वडाळीभोईला चांदवडचे डोंगर समोर दिसायला लागले आणि त्यांनी लांब शिट्टी मारली. "ताई, उतरा. रडणारा माणूस हायवेवर चालणार नाही. माझी जबाबदारी आहे."

"सर, मी सगळ्यांच्या पुढे आहे!"

"तेच काळजीचं आहे. माणूस दुःखात असा वेडावाकडा वेग घेतो."

माझी सायकल उचलून टेम्पोत आडवी घातली. मी जितकं "मी रडत नाहीये" म्हणे तितकं पाणी वाहत होतं, आणि ज्या रुमालाने ते पुसत होते तो एव्हाना स्वतःच कांद्याचा झाला होता. भास्करने गिअर टाकला.

"ताई, लय मनाला लावून नका घेऊ. सगळीकडं असंच चालतं."

"काय चालतं?"

"सासुरवास," तो समजूतदारपणे म्हणाला.

आता एवढ्यावर भागलं असतं. पण सासूबाईंनी माहेरी फोन करून ठेवला होता: माझी सून सायकलवर येतेय. नानामामा चांदवड फाट्यावर हार घेऊन उभे होते, मामी ओटीचं ताट घेऊन, शेजारपाजारची माणसं नवल बघायला. त्यांच्यासमोर टेम्पो थांबला आणि मी उतरले. डोळे लाल, नाक लाल, हातात गोधडी लावलेलं हेल्मेट.

"काय झालं गं पोरी?" म्हणत मामींनी मला पोटाशी धरलं. मामी नुकत्याच पंधरा माणसांच्या पोह्यांचा कांदा चिरून आल्या होत्या. मी त्यांच्या पदरात तोंड खुपसून नव्याने सुरू झाले!

"मामी, काही नाही हो. मला रडू येतच नाहीये."

"बघा, कशी झाकतीय," मामी शेजारणीला म्हणाल्या.

नानामामांनी हार गुंडाळून खिशात घातला आणि तिथेच फोन लावला. "आक्का, सुनेला काय बोललीस तू?... नाय, ती काय सांगत नाय. चांगल्या घरची हाय, कशाला सांगंल? पण डोळे बघ तिचे! सगळं चांदवड बघतंय."

"पिंपळगावपासून रडतायत," खैरनार सरांनी पुढे होऊन सांगितलं. "मी साक्षीला आहे."

परत येताना मी टेम्पोतच होते. कलिंगडंही मीच कापली.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"माझ्याच माहेरात जाऊन माझी अब्रू घालवलीस!"

"आई, मी एक शब्द बोलले नाही."

"न बोलता रडलीस! ते बोलण्यापेक्षा वाईट!"

"मला रडू येत नव्हतं."

"मग नाना खोटं बोलतो? मी तुझा काय छळ केला? काल दिवसभर मान मोडून शिवत होते. वाऱ्याला एक फट ठेवली नाही. ऊन लागू नये म्हणून आत कांदासुद्धा घातला..."

मी हेल्मेट नाकाशी नेलं.

"कांदा?" मी विचारलं. "कुठे?"

"कपाळापाशी. ऊन तिथेच लागतं. मलमलीत बांधून, ठेचून घातला."

"ठेचून?"

"अख्खा टोचला असता तुला," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

विलासने तेव्हाच वर्तमानपत्र उचललं.

कारखान्यात असं झालं असतं तर मी काय करायचं ते मला माहीत होतं. माल मंजूर झाल्यावर कोणी त्यात परस्पर बदल केला, की तो नाकारायचा आणि परत पाठवायचा. पण प्रेमाने केलेलं काम नाकारण्याचं खातं आमच्या घरात कधी उघडलंच नाही. टीव्हीला पांघरूण, मिक्सरला झालरीचा अंगरखा, फ्रिजच्या मुठीला लोकरीचा मोजा, टेलिफोनला टोपी. मी घेतलेल्या एकाही वस्तूला या घरात उघड्या अंगाने राहता आलेलं नाही. हेल्मेट सुटेल असं मला कशावरून वाटलं? आणि धूर कुठून शिरतो, कुठून निघतो, हे सगळ्यांना हाका मारून कोणी दाखवलं? मीच. बुजवायची भोकं कोणती, याचा नकाशा मीच काढून दिला होता.

तर मी ब्लेड घेऊन बसले. शेवटचा टाका तुटला, गोधडी सुटून आली आणि कपाळाच्या जागेवरून ओली पुरचुंडी टेबलावर पडली. मी ती उचलून वर्तमानपत्राच्या पलीकडे, विलासच्या चहाच्या बशीत ठेवली. मग चांदवडला फोन लावला.

"मामा, आईंनी मला काही केलेलं नाही. कांदा होता. हेल्मेटमध्ये. डोळ्यांत रस गेला."

पलीकडे मामांनी आवाज खाली आणला. "हां, हां. कांदा. आलं लक्षात. आक्का शेजारी हाय ना आत्ता?"

"नाही हो, मी खरंच..."

"असू दे, असू दे. उद्या बोल."

त्या रात्री मी ठरवलं की उद्या बोलायचं, पण फोनवर नाही.

सोमवारी पहाटे मी कामावर रजा सांगितली, उघडं हेल्मेट घातलं आणि निघाले. "चांदवडला जाऊन येते," मी दारातून म्हणाले. चादरीखालून विलास म्हणाला, "तिने प्रेमाने..." आणि पुन्हा झोपला.

हवेबद्दल तक्रार नाही. ती कपाळावरून शिरली, टाळूवरून फिरली, मागून गेली, अगदी कलिंगडावर दिसली होती तशीच. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. कांद्याच्या ट्रॉल्या कालच्याइतक्याच होत्या. त्यांच्या मागून मी निवांत चालवत राहिले, डोळे कोरडे ठणठणीत. वडाळीभोईला थांबलेसुद्धा नाही. चांदवडमध्ये शिरले ते सायकलवर बसून, माझ्या पायांनी. शिट्टी नाही, टेम्पो नाही आणि बघायला एक माणूस नाही.

नानामामा अंगणात चहा पीत होते. मी सायकल त्यांच्यासमोर उभी केली.

"मामा, बघा. माझे डोळे बघा."

मामांनी माझे डोळे बघितले. मग सायकल बघितली, सोमवारची सकाळ बघितली, माझ्या मागचा मोकळा रस्ता बघितला. बशी खाली ठेवली आणि आत हाक मारली.

"अगं ए, पाणी आण! सूनबाई घर सोडून आली!"

पुढे कोणी माझं ऐकलं नाही. मामींनी पाठीवरून हात फिरवला. पोरी, आता डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटलं का, म्हणाल्या. मामांनी स्वतः येऊन समेट घडवायचं ठरवलं आणि नाशिकला कांदे घेऊन निघालेला टेम्पो थांबवला. मामा पुढे ड्रायव्हरशेजारी, सायकल मागे आडवी आणि मी गोण्यांच्या ढिगावर. पट्टा आवळूनच बसले होते.

आडगाव नाक्यावर खैरनार सर चहाच्या टपरीवर उभे होते. त्यांनी टेम्पो बघितला, मला बघितलं आणि कपासकट हात वर केला.

"शाब्बास ताई! बसून राहा! बसून राहा!"

मीही हात हलवला. डोकं अगदी गार होतं. टेम्पोतून प्रवास करणाऱ्यांसाठी याहून हवेशीर हेल्मेट बाजारात मिळणार नाही, हे मी तीन नमुने तपासून सांगते.